दुखणं छातीत, मूळ पोटरीत

स्कूटर घसरून घोट्याचं हाड मोडलेलं, पायाला प्लॅस्टर. पंचेचाळिशीचा एक माणूस तीन आठवडे दिवाणावर पाय उशीवर ठेवून पडून आहे. ऐन पावसाळा. धाकट्याला सर्दी, शेजारी फ्लू. एका सकाळी त्याच्या उजव्या बरगडीखाली चमक निघते. श्वास आत घेतला की सुरी टोचल्यासारखं दुखतं, सोडला की जरा बरं वाटतं. अंग कोमट लागतं, खोकल्याची ढास येते आणि दुसऱ्या दिवशी थुंकीत रक्ताची एक रेघ दिसते. घरचे म्हणतात, छातीत कफ झालाय. डॉक्टर तपासतात. एक्स-रेमध्ये उजवीकडे खाली पुसटसा डाग दिसतो. अँटिबायोटिकचा पाच दिवसांचा कोर्स सुरू होतो. तिसऱ्या दिवशी दुखणं उतरतं, घर निश्चिंत होतं. आठव्या दिवशी कुबडी घेऊन बाथरूमकडे जाताना तो दारातच कोसळतो.

हा कुणी एकच माणूस नाही. तपशील बदलतात: प्लॅस्टरच्या जागी बाळंतपण असतं, गुडघ्याची शस्त्रक्रिया असते, लांबचा प्रवास असतो. पण हीच हकिकत जगभरातल्या दवाखान्यांत पुन्हा पुन्हा घडते. त्याच्या फुप्फुसात जंतू नव्हतेच. तिथे रक्ताची गुठळी येऊन अडकली होती, आणि ती तयार झाली होती प्लॅस्टरमधल्या पोटरीत. वैद्यकात या आजाराला पल्मनरी एम्बोलिझम म्हणतात. हाड मोडलं घोट्याचं, मग दुखणं छातीत कसं गेलं? आणि गेलं तर त्याने हुबेहूब संसर्गाचं रूप का घेतलं?

ओंडका कुठे अडकतो

हृदयाकडून रक्त नेते ती रोहिणी आणि हृदयाकडे आणते ती नीला, हे शाळेत शिकलेलं आठवत असेल. पायाच्या बोटांपासून निघालेल्या बारीक नीला एकमेकींना मिळत मोठ्या होत जातात, जसे ओढे नदीला मिळतात. पोटरीतली नीला मांडीत रुंद होते, पोटात पोचेपर्यंत अंगठ्याएवढी जाड होते आणि हृदयाच्या उजव्या बाजूला जाऊन मिळते. या वाटेवर पात्र कुठेही अरुंद होत नाही. त्यामुळे पोटरीतली गुठळी सुटली की पुरात ओंडका वाहत यावा तशी ती बिनअडथळा हृदयापर्यंत येते आणि त्याच्या उजव्या दोन कप्प्यांतूनही पार होते.

हृदयाच्या पुढे मात्र सगळं उलट होतं. धरणातून मुख्य कालवा निघतो, कालव्याच्या वितरिका होतात, वितरिकेच्या चाऱ्या आणि चारीतून शेतात पाट. फुप्फुसाकडे रक्त नेणारी मोठी वाहिनी अशीच फुटत फुटत केसाहून बारीक होते. पायापासून निघालेल्या ओंडक्याला अडकायला पहिली जागा मिळते ती इथे. मोठा असेल तर तो कालव्याच्या तोंडाशीच आडवा होतो, लहान असेल तर दूरच्या एखाद्या चारीत जाऊन बसतो. कुठे अडकला यावर पुढचं सारं अवलंबून असतं. पायातली गुठळी मेंदूत का जात नाही, असा प्रश्न पुष्कळांना पडतो. त्याचं उत्तरही हेच आहे. वाटेत फुप्फुसाची चाळणी लागते. हृदयाच्या पडद्याला जन्मापासून भोक असलेल्या काही जणांत तेवढा अपवाद घडतो.

हे कोडं सोडवलं रुडॉल्फ फिर्खो या जर्मन डॉक्टराने. १८४६ मध्ये तो बर्लिनच्या शारिते रुग्णालयात शवविच्छेदनं करत होता, वय पंचविशीच्या आत-बाहेर. फुप्फुसातली गुठळी तिथल्या वाहिनीला सूज येऊन तिथेच तयार होते, असं त्या काळच्या बड्या वैद्यांचं मत होतं. फिर्खोला पायांच्या नीलांत आणि फुप्फुसात एकाच माणसाच्या देहात गुठळ्या सापडत होत्या. खात्री करण्यासाठी त्याने कुत्र्यांच्या मानेच्या नीलेत रबराचे तुकडे सोडले आणि नंतर ते फुप्फुसांत अडकलेले शोधून काढले. एम्बोलिझम हे नावही त्यानेच दिलेलं. त्यामागच्या ग्रीक शब्दाचा अर्थ बूच किंवा पाचर. १३ ऑक्टोबर हा त्याचा जन्मदिवस, २०१४ पासून जागतिक थ्रॉम्बोसिस दिन म्हणून पाळला जातो.

रक्त विरजतं कसं

दूध विरजायला लावलं की आपण पातेलं हलवत नाही. स्थिर दुधात दही घट्ट लागतं, सारखं ढवळलं तर लागत नाही. रक्ताचंही काहीसं असंच आहे. वाहत्या रक्तात गोठवणारे घटक जमले तरी वाहून जातात, साचलेल्या रक्तात ते जागच्या जागी पकडतात आणि फायब्रिन नावाच्या तंतूंचं जाळं विणलं जातं. जखमेवर खपली धरायला हेच जाळं लागतं, म्हणून ती शक्ती वाईट नाही. ती नको तिथे, बंद वाहिनीच्या आत जागी झाली की घोटाळा होतो.

पायातलं रक्त वर चढवायला हृदयाचा धक्का पुरत नाही. ते काम पोटरी करते. चालताना पोटरीचा स्नायू आवळला की आतल्या नीला पिळल्या जातात आणि रक्त वर ढकललं जातं. नीलांमध्ये एकाच बाजूला उघडणारी छोटी दारं असतात, त्यामुळे ते परत खाली येत नाही. पोटरीला दुसरं हृदय म्हणतात ते याचसाठी. माणूस तीन आठवडे पडून राहिला, की हे दुसरं हृदय जवळजवळ बंद पडतं.

याचा ढळढळीत पुरावा १९४० मध्ये लंडनने दिला. जर्मन विमानं रात्रीमागून रात्री बॉम्ब टाकत होती आणि लोक आसऱ्याच्या तळघरांत कापडी आरामखुर्च्यांवर बसूनच झोपत होते. खुर्चीची लाकडी दांडी मांडीखाली रुतायची. शवविच्छेदन करणारे डॉक्टर कीथ सिम्प्सन यांच्या लक्षात आलं, की फुप्फुसातल्या गुठळीने होणारे मृत्यू आदल्या वर्षीच्या त्याच महिन्यांपेक्षा सहापट झाले आहेत. हे लोक बॉम्बने मेले नव्हते, खुर्चीने मेले होते. त्यांनी ते ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडलं. पुढे तळघरांत आडवं झोपता येईल अशा फळ्या बसवल्या गेल्या. साठ-पासष्ट वर्षांनी जपानमध्ये तीच गोष्ट नव्या रूपात घडली. २००४ च्या ऑक्टोबरमध्ये निगाता भागात भूकंप झाला. पुन्हा धक्का बसेल या भीतीने लोक रात्री मोटारीत बसून झोपले आणि त्यांतल्या काहींचा फुप्फुसातल्या गुठळीने जीव गेला.

डेव्हिड ब्लूम या अमेरिकी टीव्ही पत्रकाराची हकिकत मला विसरता येत नाही. २००३ मध्ये इराक युद्धाचं वार्तांकन करताना तो अनेक दिवस चिलखती गाडीत गुडघे दुमडून प्रवास करत होता, तसाच झोपत होता. पायात गोळे येत होते. त्याने सॅटेलाइट फोनवरून डॉक्टरांना विचारलं, त्यांनी गुठळीची शंका घेऊन तपासून घ्यायला सांगितलं. पण सैन्य बगदादच्या वेशीवर पोचलं होतं. तो ॲस्पिरिन घेऊन कामाला लागला आणि ६ एप्रिलला कोसळला. वय ३९. त्याच्या रक्तात जन्मतःच गोठण्याची प्रवृत्ती जास्त होती, हे नंतर कळलं.

ब्लूमच्या या उदाहरणात दोन कारणं एकत्र आली. रक्त साचणं हे एक, रक्तातच गोठण्याचा कल असणं हे दुसरं. तिसरं म्हणजे वाहिनीच्या आतल्या अस्तराला इजा, जी हाड मोडल्यावर किंवा शस्त्रक्रियेत होते. हे तिघे फिर्खोचं त्रिकूट म्हणून ओळखले जातात. आपल्या प्लॅस्टरवाल्या माणसापाशी त्यांतले दोन होतेच.

रक्ताचा कल बदलणाऱ्या गोष्टींत बायकांशी संबंधित काही आहेत आणि त्यांबद्दल घरात मोकळेपणाने बोललं जात नाही. बाळंतपणात फार रक्त जाऊ नये म्हणून गरोदरपणातच शरीर रक्ताची गोठण्याची ताकद वाढवतं. ही वाढ बाळंतपणानंतरही सुमारे सहा आठवडे राहते, आणि नेमक्या याच दिवसांत आपल्याकडे बाळंतिणीला माया म्हणून बाजेवरून उठू देत नाहीत. तिला काम देऊ नये हे खरं, पण घरात चालू द्यावं. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांनीही धोका वाढतो, गरोदरपणाइतका नाही, तरी वाढतो. सणवार आणि पूजेसाठी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या दुकानातून परस्पर आणल्या जातात. त्यांतल्या नॉरेथिस्टेरॉनचा थोडा भाग शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो. बहुतेकींना काही होत नाही. पण ज्या मुलीच्या आईला किंवा मावशीला पायात गुठळी झाली होती, तिने ही गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. कर्करोग आणि मोठा संसर्ग हीदेखील कारणं आहेत. करोनाच्या साथीत पोटात घ्यायची रक्त पातळ करणारी इंजेक्शनं दिली जात होती ती यामुळेच.

विमानप्रवासाची बदनामी जरा जास्त झाली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासानुसार सलग चार तास किंवा त्याहून जास्त बसून प्रवास केला की धोका साधारण दुपटीने वाढतो, मग ते विमान असो, रेल्वे असो वा बस. निरोगी माणसाला मुळात धोका इतका थोडा असतो की दुपटीनेही तो थोडाच राहतो. पुणे-नागपूर रात्रीच्या ट्रॅव्हल्सने जाणाऱ्या प्रत्येकाने धास्ती घेण्याचं कारण नाही. महिन्याभरापूर्वी गुडघा बदललेल्या आजोबांनी मात्र विचार करावा.

फलाट एकच, घोटाळे दोन

आता छातीत काय होतं ते पाहू. फुप्फुसात वायुकोश नावाचे कोट्यवधी चिमुकले फुगे असतात. त्यांच्या पातळ भिंतीच्या एका बाजूला हवा, दुसऱ्या बाजूला रक्त. एसटी स्टँडचे फलाट समजा. हवेतला ऑक्सिजन म्हणजे फलाटाला लागलेल्या गाड्या आणि रक्त म्हणजे प्रवासी. दोघे एका वेळी एका फलाटावर आले तरच प्रवास होतो.

निमोनियात वायुकोश पू आणि पाण्याने भरतात. प्रवासी येऊन उभे आहेत, पण फलाटात चिखल झाल्याने गाडीच लागत नाही. गुठळीत याच्या बरोबर उलट होतं. गाड्या वेळेवर लागतात, रिकाम्या उभ्या राहतात, पण स्टँडकडे येणारा रस्ताच बंद असल्याने त्या फलाटावर प्रवासी पोचत नाहीत. ते सगळे उरलेल्या फलाटांकडे वळतात, तिथे झुंबड उडते आणि कित्येक जण गाडी न मिळताच पुढे ढकलले जातात. दोन्हीकडे परिणाम एकच: रक्तात ऑक्सिजन कमी, माणसाला धाप. बाहेरून पाहणाऱ्याला गाडी नव्हती की रस्ता बंद होता, हे सांगता येत नाही. कान लावून ऐकलं तर थोडा फरक कळतो. निमोनियात स्टेथोस्कोपमधून बुडबुडे फुटल्यासारखे आवाज येतात. गुठळीत हवा मोकळी वाहत असते, म्हणून छाती पुष्कळदा स्वच्छ ऐकू येते. माणूस धापा टाकतोय आणि छाती स्वच्छ, ही विसंगती अनुभवी डॉक्टरला खटकते.

गुठळीत आणखी एक जण भरडला जातो, तो म्हणजे हृदयाचा उजवा भाग. डावा भाग सगळ्या देहाला रक्त पुरवतो, त्याची भिंत जाड. उजव्याला शेजारच्या फुप्फुसापर्यंतच रक्त ढकलायचं असतं, तेही शरीरातल्या दाबाच्या साधारण पाचव्या-सहाव्या हिश्श्याने, म्हणून त्याची भिंत पातळ. समोर अचानक बूच बसलं की तो फुगतो, थकतो, पुढे रक्त जाईनासं होतं आणि रक्तदाब कोसळतो. उठून उभं राहताच चक्कर येऊन पडणं, नाडी एकदम जलद होणं, ही त्याची लक्षणं. या आजारात जीव जातो तो बहुतेकदा श्वास कोंडून जात नाही, हृदय हरल्यामुळे जातो.

संसर्गाचं सोंग

मग ताप, रक्त आणि एक्स-रेवरचा डाग कुठून आले?

फुप्फुसाला रक्त दोन ठिकाणांहून मिळतं. एखाद्या गावात नळही असतो आणि जुनी विहीरही असते, तसं. मोठा पुरवठा हृदयाच्या उजव्या बाजूचा, तर फुप्फुसाच्या स्वतःच्या पोषणासाठी महारोहिणीकडून येणाऱ्या बारीक वाहिन्या वेगळ्या. म्हणून गुठळी अडकली की लगेच फुप्फुस मरत नाही. पण गुठळी लहान असून अगदी काठाच्या चारीत जाऊन बसली, की तिथे दुसऱ्या पुरवठ्याचं रक्त जास्त दाबाने येतं आणि वायुकोशांत झिरपतं. काही वेळा फुप्फुसाचा तेवढा तुकडा मरतो. झिरपलेलं रक्त खोकल्यातून वर येतं, तीच थुंकीतली रेघ. रक्ताने भरलेला तो तुकडा एक्स-रेवर पांढरट डाग होऊन उमटतो. तो पुष्कळदा पाचरीसारखा असतो, रुंद बाजू बरगड्यांकडे. ऑब्रे हॅम्प्टन या अमेरिकी डॉक्टराने १९४० मध्ये या डागाचं वर्णन केलं, म्हणून त्याला त्यांचं नाव आहे. पण निमोनियाचा ठिपका शोधणाऱ्या डोळ्याला तिथे निमोनियाच दिसतो.

मेलेला तुकडा साफ करायला पांढऱ्या पेशी धावतात. त्यांच्या कामातून अंग तापतं, रक्ताच्या अहवालात पेशी वाढलेल्या दिसतात, फुप्फुसाभोवती थोडं पाणीही साठतं. जंतू एकही नाही, पण जंतू आल्यावर जी धावपळ होते ती सगळी चालू आहे.

वेदनेची गोष्ट तर आणखी चकवणारी आहे. फुप्फुसाला स्वतःला दुखत नाही. दुखतं ते त्याच्या भोवतीच्या आवरणाला, आणि ते आवरण काठाला असतं. म्हणून काठाशी अडकलेली लहान गुठळी जीव नकोसा करते आणि मधोमध, कालव्याच्या तोंडाशी बसलेली जीवघेणी गुठळी कित्येकदा दुखतच नाही, नुसती धाप लागते. दुखणं जास्त म्हणून धोका जास्त, हे गणित इथे चालत नाही.

शेवटचा आणि मला सर्वांत घातक वाटणारा चकवा म्हणजे ‘औषध लागू पडलं’ हा भास. अँटिबायोटिक गुठळीचं काहीही करत नाही. पण सोबतच्या गोळीने ताप आणि वेदना कमी होतात, आणि लहान गुठळी विरघळवायला शरीरानेही सुरुवात केलेली असते. तिसऱ्या दिवशी आराम पडतो. श्रेय कोर्सला जातं, निदानावर शिक्का बसतो. पोटरीत मात्र मूळ गुठळी तशीच, कदाचित वाढतही. पहिला तुकडा लहान होता, पुढचा लहानच असेल याची काही हमी नाही. चमक, कोमट अंग आणि रक्ताची रेघ हा पुष्कळदा आगाऊ आलेला निरोप असतो.

आपल्याकडे यात क्षयाची भर पडते. थुंकीत रक्त म्हटलं की आधी टीबीची तपासणी होते, आणि ती व्हायलाच हवी. पण टीबी नाही असं ठरल्यावर ‘मग रक्त कुठून आलं’ हा प्रश्न अर्ध्यावर सोडू नये. भारतीयांना अशा गुठळ्या फारशा होत नाहीत, ही समजूतही इथे बरीच वर्षं टिकून होती. शोधायला लागल्यावर त्या सापडू लागल्या.

फरक गोष्टीत सापडतो

डॉक्टरांवर दोष ठेवून हे सुटणार नाही. पावसाळ्यात दिवसाला पन्नास खोकणारी माणसं पाहणाऱ्या डॉक्टरसमोर बहुतेकांना खरोखर संसर्गच असतो. दोन्ही आजार एकत्रही असू शकतात, कारण निमोनियाने पडून राहिलेल्या माणसाला गुठळी होऊ शकते. नुसत्या छातीकडे पाहून उत्तर मिळत नाही. ते मागच्या महिन्याच्या हकिकतीत असतं.

संसर्ग बहुधा पायरीपायरीने येतो: शिंका, घसा, अंगदुखी, मग ताप, थंडी वाजणं, पिवळा-हिरवा कफ. गुठळी अचानक येते. ‘काल दुपारी जिना चढताना एकदम’ असं माणूस नेमकी वेळ सांगतो. ताप बेताचा असतो, कफ जवळजवळ नसतो, पण धाप आणि नाडी त्या मानाने फार जास्त. योग्य अँटिबायोटिक चालू होऊन दोन-तीन दिवस झाले तरी दम तसाच असेल, तर औषध बदलण्याआधी निदानाचा पुन्हा विचार व्हायला हवा. एका पायाची पोटरी सुजलेली, गरम, दुखरी असेल तर शंका पक्की होते. नसली म्हणून फिटत नाही, कारण कित्येकांना पायात काहीच जाणवत नाही. प्लॅस्टर असेल तर सूज दिसणार तरी कशी? आणि अशी पोटरी तेल लावून चोळू नये. चोळल्यामुळे गुठळी सुटून फुप्फुसात गेल्याच्या घटना वैद्यकीय नोंदींत आहेत.

टेनिसपटू सेरेना विल्यम्सची हकिकत सर्वज्ञात आहे. २०१० मध्ये काचेने पाय कापला, दोन शस्त्रक्रिया झाल्या, पाय प्लॅस्टरमध्ये राहिला आणि २०११ च्या सुरुवातीला फुप्फुसात गुठळ्या निघाल्या. २०१७ च्या सप्टेंबरमध्ये सिझेरियनने मुलगी झाली. दुसऱ्या दिवशी दम लागताच तिने स्वतः सांगितलं, मला आधी हे झालंय, सीटी स्कॅन करा, हेपरिन (रक्त गोठू न देणारं औषध) द्या. आधी वेदनाशामकामुळे ती गोंधळली असावी असं वाटलं, मग पायांची सोनोग्राफी झाली, त्यात काही दिसलं नाही. शेवटी सीटी स्कॅन झाला आणि फुप्फुसात गुठळ्या दिसल्या. जगातल्या सर्वांत तंदुरुस्त बायकांपैकी एक असूनही तिला झालं, आणि स्वतःची गोष्ट ठामपणे सांगितली म्हणून निदान झालं.

चौकट: डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगा

छातीत चमक, धाप किंवा थुंकीत रक्त यांसाठी गेलात तर हे आपणहून सांगा. गेल्या महिन्याभरात शस्त्रक्रिया, प्लॅस्टर किंवा तीन दिवसांहून जास्त अंथरुणाला खिळणं झालंय का. बाळंतपण, गरोदरपण, कुठल्याही हार्मोनच्या गोळ्या. लांबचा बसून प्रवास. कर्करोगाचे उपचार. स्वतःला किंवा आई-वडील, भावंडांना आधी गुठळी झाली होती का. एका पायाला सूज किंवा पोटरीत न जाणारा गोळा. दम अचानक लागला की हळूहळू. चक्कर येऊन पडणं, ओठ निळसर होणं, बसल्या जागी धाप लागणं यांपैकी काही असेल तर दवाखान्याच्या वेळेची वाट पाहू नका, १०८ ला फोन करा.

शंका आली की

दम लागलेल्या प्रत्येकाचा सीटी स्कॅन करणं योग्य नाही. त्यात किरणोत्सर्ग असतो, शिरेतून दिलेलं रंगद्रव्य मूत्रपिंडाला त्रास देऊ शकतं. म्हणून आधी अंदाज बांधतात. कॅनडातले डॉक्टर फिलिप वेल्स यांनी तयार केलेली गुणांची पद्धत बरीच वापरली जाते. नाडी शंभरच्या वर, अलीकडची शस्त्रक्रिया, आधीची गुठळी, थुंकीत रक्त, कर्करोग, सुजलेला पाय, यांना ठरावीक गुण असतात. वरच्या चौकटीतले प्रश्न आणि हे गुण यांत किती साम्य आहे ते पाहा. गोष्ट सांगितलीच नाही तर गुण द्यायचे कशाला?

गुण कमी असतील तर डी-डायमर करतात. हा शब्द करोनाने घरोघरी पोचवला. फायब्रिनचं जाळं शरीर तोडतं तेव्हा पडणाऱ्या तुकड्यांची ही मोजणी. सुतार काम करतोय की नाही हे भुशावरून ओळखावं, तसं. भुसा नाही तर बहुधा सुतारकाम नाही, म्हणून शंका कमी असताना चाचणी नॉर्मल आली तर गुठळीची शक्यता जवळजवळ मिटते. पण भुसा दिसला म्हणून गुठळीच असं नाही, कारण संसर्ग, गरोदरपण, शस्त्रक्रिया आणि वय यांनीही तो आकडा वाढतो. पन्नाशीनंतर वयाला दहाने गुणून मर्यादा ठरवण्याची पद्धत त्यामुळेच आली. शंका दाट असेल तर मात्र डी-डायमरपाशी न थांबता फुप्फुसाच्या वाहिन्यांचा सीटी अँजिओग्राम करतात. त्यात वाहिनीतलं बूच प्रत्यक्ष दिसतं. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर विसंबू नये. लहान गुठळीत आकडा चांगला येऊ शकतो.

बूच निघतं कसं

रक्त पातळ करणारं औषध म्हणतात, पण रक्त पातळ होत नाही आणि हे औषध गुठळी विरघळवतही नाही. ते फक्त नवं जाळं विणणं थांबवतं. जुनं जाळं उसवण्याचं काम शरीर स्वतः करतं, काही आठवडे, महिने घेतं. रक्तदाब कोसळलेल्या रुग्णाला मात्र थेट गुठळी विरघळवणारं औषध द्यावं लागतं, त्यात रक्तस्रावाचा धोका पत्करून.

या औषधांचा जन्म योगायोगाचा आहे. १९१६ मध्ये अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जे मॅक्लीन हा वैद्यकाचा विद्यार्थी रक्त गोठवणारा पदार्थ शोधत होता. यकृतातून काढलेल्या एका अर्काने उलटच केलं, रक्त गोठेचना. तेच पुढचं हेपरिन. दुसरं औषध गाईगुरांनी दिलं. १९२० च्या दशकात अमेरिका आणि कॅनडात कुजलेला गोड क्लोव्हर चारा खाऊन जनावरं रक्तस्रावाने मरत होती. १९३३ मध्ये विस्कॉन्सिनचा एक शेतकरी बर्फाच्या वादळातून मेलेली कालवड आणि दुधाच्या कॅनमध्ये न गोठलेलं रक्त घेऊन विद्यापीठात पोचला. कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेने त्या चाऱ्यातला पदार्थ शोधला आणि त्यावरून पुढे वॉरफरिन तयार झालं. ते आधी उंदीर मारायला वापरलं गेलं, १९५४ मध्ये माणसांसाठी औषध म्हणून मान्य झालं.

औषधाने जीव खरोखर वाचतो का, याचं उत्तर १९६० मध्ये ब्रिस्टलच्या दोन डॉक्टरांनी दिलं, बॅरिट आणि जॉर्डन. ३५ रुग्णांपैकी १९ जणांना ही औषधं दिली नव्हती, त्यांतले ५ जण गुठळीने गेले. औषध घेतलेल्या १६ जणांपैकी गुठळीने एकही गेला नाही. औषध न देणं अन्यायाचं ठरेल म्हणून ती तुलना थांबवली गेली. पासष्ट वर्षं झाली. उपचार तेव्हापासून हाताशी आहे, उशीर होतो तो निदानात.

आज अपिक्साबॅन, रिव्हरॉक्साबॅन अशा गोळ्या आहेत, त्यांना सारखी रक्त तपासणी लागत नाही. वॉरफरिन किंवा तशाच जुन्या गोळ्या चालू असतील तर आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो याचा आकडा, तपासत राहावं लागतं. पालक, मेथी बंद करू नये, रोजचं प्रमाण सारखं ठेवावं, कारण पालेभाजीतलं के जीवनसत्त्व या गोळीच्या विरुद्ध काम करतं. उपचार किमान तीन महिने चालतो. बरं वाटलं म्हणून मध्येच गोळी सोडली तर आठव्या दिवसाची ती हकिकत पुन्हा घडू शकते. तीन महिन्यांनंतरही जिना चढताना दम लागत असेल तर पुन्हा दाखवावं. थोड्या जणांत गुठळीचे अवशेष वाहिनीला चिकटून राहतात आणि त्यावर वेगळे उपचार आहेत.

ऑपरेशननंतरची दहा पावलं

शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी सिस्टर रुग्णाला उठवायला येतात तेव्हा नातेवाईक हमखास म्हणतात, ‘अहो सिस्टर, कालच तर ऑपरेशन झालंय, झोपू द्या की त्यांना.’ पूर्वी खरोखरच आठवडाआठवडा झोपवून ठेवत. आता सिस्टर ऐकत नाहीत. एक हात सलाइनच्या स्टँडवर, एक मुलाच्या खांद्यावर, रुग्ण कण्हत खाटेपासून दारापर्यंत दहा पावलं टाकतो. प्रत्येक पावलाला पोटरी एकदा आवळते, नीलेतली दारं उघडून मिटतात आणि साचलेलं रक्त वर सरकतं. ज्याला उठताच येत नाही त्याच्या घोट्यांना खालीवर हलवायला लावतात, घट्ट मोजे घालतात, गरजेप्रमाणे पोटात इंजेक्शन देतात. प्लॅस्टरमधल्या माणसालाही बाहेर राहिलेली बोटं हलवता येतात, गुडघा उचलता येतो, दुसऱ्या पायाचा घोटा तासाला वीसदा खालीवर करता येतो. आणि प्लॅस्टर घालतानाच विचारता येतं, ‘डॉक्टर, मला गुठळीचं इंजेक्शन लागेल का?’